पासबुकातला नॉमिनी आणि कुरआनातला वारस

राहुरीत माझ्या ओळखीतला एक शिक्षक गेला. चाळिसाव्याच्या जेवणानंतर थोरल्या भावाने त्याचे पीपीएफचे पासबुक खिशात घातले. म्हणाला, "नॉमिनी मी आहे. त्याचीच सही आहे." सही खरी होती, पण लग्नाआधीची. घरात म्हातारी आई, विधवा भाभी, दोन मुली. बसलेल्यांपैकी कुणी ब्र काढला नाही. मीही नाही, म्हणून आज लिहितोय.

पीपीएफ म्हणजे करमुक्त बचत खाते. मुदत 15 वर्षे. खातेदार वारला की नॉमिनीला ते पुढे चालवता येत नाही. मुदतीची वाट न पाहता खाते बंद होते आणि पैसे नॉमिनीच्या हातात पडतात. हातात पडतात, मालकीचे होत नाहीत!

कोर्टाने हे वारंवार सांगितले आहे. लग्नाआधी आईला नॉमिनी केलेल्या एका नोकरदाराच्या भविष्य निर्वाह निधीत विधवेचाही हिस्सा आहे, असे सर्वोच्च न्यायालय 2009 मध्ये म्हणाले. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा वादही तिथवर गेला. डिसेंबर 2023 चा निकाल तोच: नॉमिनी मालक नव्हे.

मग मालक कोण? 1937 च्या शरियत कायद्याने आपला वारसा शरियतप्रमाणे. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज. बायकोची न दिलेली मेहर हेही कर्जच. त्यानंतर वसियत, तीही एक तृतीयांशापर्यंत. उरलेले 24 लाख धरा. वडील आधीच वारलेले, भाऊ एकच. सूरह निसाच्या हिशेबाने बायकोला 3 लाख, दोन्ही मुलींना मिळून 16, आईला 4. राहिला 1 लाख, तो भावाचा. ज्याने 24 खिशात घातले, त्याचा हक्क एकाचा!

कुणी म्हणेल, नॉमिनी करणे म्हणजे हिबाच. नाही. हिब्यात देणाऱ्याने हयातीत ताबा द्यावा लागतो. आपला मित्र तर मरेपर्यंत स्वतःच हप्ते भरत होता. वसियत म्हणाल, तर वारसाच्या नावे केलेली वसियत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही.

2018 मध्ये तलाकच्या विधेयकाविरुद्ध आपण मोर्चे काढले. 'शरियत में दखल नहीं' अशा घोषणा दिल्या. भाभीच्या आठव्या हिश्श्यात भाऊ दखल देतो, तेव्हा त्या घोषणा कुठे जातात? यतीमाचा माल खाणाऱ्याबद्दल त्याच सूरहमध्ये आगीचा इशारा आहे. तो सरकारला नाही, आपल्याला आहे.

तेव्हा जुम्म्याच्या खुतब्यात मौलाना साहेबांनी एकदा फराइज समजावून सांगावेत. आणि तुम्ही उद्याच पासबुक काढा, नॉमिनी कोण ते बघा. पीपीएफमध्ये नाव बदलायला एप्रिल 2025 पासून 50 रुपयांचे शुल्कही लागत नाही. नॉमिनी कुणीही असो, त्याला घरच्यांसमोर सांगून ठेवा: ही अमानत आहे, मिरास नव्हे.