‘कंपनी’ : एका शब्दाचे मराठीपण

तत्सम-तद्भव शब्दांची जेवढी चिकित्सा आपण करतो, तेवढी इंग्रजीतून आलेल्या शब्दांची करीत नाही. शब्दापुढे ‘इं.’ अशी खूण केली की त्याचा विचार संपला, असे मानले जाते. बोईसर-तारापूर परिसरातील ‘कंपनी’ हा शब्द या समजुतीचा फेरविचार करावयास लावणारा आहे.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कॉम्पानिओ’ म्हणजे ‘सोबत भाकरी खाणारा’ हा शब्द आहे. त्यातील ‘पानिस’चाच पोर्तुगीजमार्गे आलेला वंशज म्हणजे आपला ‘पाव’. मराठीत मात्र ‘कंपनी’ सोबतीच्या अर्थाने रुजली नाही. १६०० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीमुळे ती आधी ‘कंपनी सरकार’ झाली. पुढे नाटक कंपनी आणि कोल्हापूरला १९२९ मध्ये निघालेली प्रभात फिल्म कंपनी यांच्यामुळे तिला कलावंतांच्या संचाचा अर्थ लाभला.

औद्योगिक वसाहतीत हा शब्द आणखी बदलला. ‘कंपनी सुटली’ हा प्रयोग ‘शाळा सुटली’च्या वळणाचा आहे. येथे विभक्तीगणिक अर्थ पालटतो, हे विशेष. ‘कंपनीत’ म्हटले की ती जागा असते; ‘कंपनीने’ म्हटले की सत्ता असते. कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे ‘कंपनीत’ असतो, पण ‘कंपनीचा’ होत नाही. सप्तमी आणि षष्ठी यांमधील हे अंतर व्याकरणाचे नाही, नोकरीच्या शाश्वतीचे आहे.

तरीही उत्तरपत्रिका तपासताना ‘वडील कंपनीत जातात’ या वाक्यातील ‘कंपनी’ खोडून आपण ‘कारखाना’ लिहितो. वस्तुतः ‘कारखाना’ हा शब्दही फारसीतून आलेला आहे. शिवाय हे दोन शब्द समानार्थी नाहीत. मुंबईत ‘गिरणी’, प्रवरानगरला ‘कारखाना’ आणि बोईसरला ‘कंपनी’ ही तीन वेगळ्या इतिहासांची नावे आहेत. सहकारी साखर कारखान्याला शेतकरी सभासद असतात. त्यास कोणी ‘साखर कंपनी’ म्हणत नाही. कंपनीचा मालक बहुधा कामगाराच्या दृष्टीआड असतो. हा फरक बोलणाऱ्याला नेमका ठाऊक असतो. तो पुसून आपण भाषा शुद्ध करीत नाही, तिची अर्थवत्ता कमी करतो.

घरी वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाण मराठी आधीच परकी वाटते. त्याच्या वडिलांच्या कामाचे नावही आपण चुकीचे ठरवले, तर तो लिहिण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करील. म्हणून पदव्युत्तर स्तरावरील भाषाविज्ञानाच्या अभ्यासात आगत शब्दांची केवळ व्युत्पत्ती न देता त्यांचा स्थानिक वापर, त्यांची विभक्तिरूपे व अर्थांतरे नोंदवण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. आणि तोपर्यंत शिक्षकांनी ‘कंपनी’वरची लाल रेघ थांबवावी, एवढेच सुचवावेसे वाटते.