डायल कुणाची, धडधड कुणाची?

बाबांचं जुनं एचएमटी गेल्या महिन्यात अचानक रुसलं. चावी दिली की तासभर चालायचं आणि मग ठप्प. शेवटी ऑफिस सुटल्यावर पेठेतल्या घड्याळजी काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि निकाल दिला, "काही बिघडलेलं नाही. तेल सुकलंय."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी हे सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. आमच्या टीमचा कोल्हापूरकर बॅकएंड लिहितो, मी डिझायनर. त्याला आयतं कोलीत मिळालं. "बघ की! डायल तशीच हाय, काटे तसेच हायेत. पण आत तेल नाही म्हटल्यावर घड्याळ बंद. आपल्या अ‍ॅपचं पण तसंच असतंय. तुम्ही रंगवायचं, आम्ही चालवायचं."

मी म्हटलं, "आणि काटेच काढून टाकले तर? आत कितीही भारी मशीन असू दे, वाजले किती ते सांगशील का?"

सगळे हसले. मीही हसले. पण मंडळी, तो अ‍ॅप्रेझलचा आठवडा होता आणि टीममधून वरचं रेटिंग एकालाच मिळणार होतं. त्यामुळे गंमत थोडी टोचलीच. रात्री घरी येऊन शोधायला बसले आणि एका भलत्याच दुनियेत जाऊन पोचले, जिथे आमचा कँटीनमधला वाद लाखो फ्रँकच्या भावात चालतो. ही दुनिया छोट्या, स्वतंत्र घड्याळकारांची. कुठे एकटा माणूस, कुठे पाच-दहा जणांची कार्यशाळा. १९८५ साली त्यांच्यातल्या काहींनी मिळून स्वतःची एक संघटनाही काढली.

पहिला राउंड अर्थातच इंजिनियरचा. जॉर्ज डॅनियल्स नावाचा इंग्रज कारागीर. हा जवळजवळ अख्खं घड्याळ स्वतःच्या हाताने बनवायचा. त्याने हात घातला तो नेमका आमच्या घड्याळजी काकांच्या दुखण्याला, तेलाला! चावीच्या घड्याळात गुंडाळलेल्या स्प्रिंगची ताकद एकदम सुटून जाऊ नये, थोडी थोडी सुटावी म्हणून एक यंत्रणा असते. तिला एस्केपमेंट म्हणतात. आपण ऐकतो ती टिकटिक तिचीच. सर्रास वापरला जाणारा प्रकार थॉमस मज या इंग्रजाने अठराव्या शतकात शोधला. त्यात इवलेसे माणिक चाकाच्या दातांवरून घासत सरकतात. घासणं आलं म्हणजे तेल आलं, आणि तेल आलं म्हणजे ते कधीतरी सुकणंही आलं.

१९७० च्या दशकात, सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळांपुढे स्विस कारखाने धडाधड बंद पडत असताना, डॅनियल्स या घासण्यावर उपाय शोधत होता. त्याच्या को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंटमध्ये दात घासत जात नाही, नेमक्या क्षणी ढकलतो. झोक्यावरच्या पोराला मागून ढकलतो ना, साधारण तसं. त्यामुळे तेलावरची भिस्त बरीच कमी झाली. १९८० मध्ये पेटंट मिळालं. पुढे? स्विस कंपन्यांची दारं ठोठावणं! ओमेगाने ही यंत्रणा बाजारात आणली ती १९९९ मध्ये. २०११ साली डॅनियल्स गेला, पण त्याच्या डोक्यातून निघालेली टिकटिक आज असंख्य मनगटांवर चालू आहे.

कोल्हापूरकराला हे फॉरवर्ड केलं असतं तर त्याने पेढे वाटले असते. म्हणून केलं नाही. आधी माझ्या बाजूचा माणूस शोधला.

तो सापडला स्वित्झर्लंडच्या व्हाले द जू खोऱ्यात. फिलिप ड्युफूर, कार्यशाळा एका जुन्या शाळेच्या इमारतीत. २००० साली त्याने 'सिम्प्लिसिटी' नावाचं घड्याळ आणलं. तास, मिनिटं आणि सेकंदांची छोटी डायल. संपलं! तारीखसुद्धा नाही. नवा शोध म्हणाल तर शून्य. मग लोक वेडे कशासाठी झाले? तर पाठीमागे काचेतून मशीन दिसतं त्यासाठी. प्रत्येक पट्टीची कड हाताने घासून आरशासारखी केलेली, आतले टोकदार कोपरेसुद्धा. तिथे यंत्राचं गोल फिरणारं पातं पोचत नाही, हातच लागतो. पॉलिशसाठी ड्युफूर एका डोंगरी झाडाची वाळलेली काडी वापरतो. अशी सुमारे दोनशे घड्याळं त्याने बनवली. २०२० मध्ये काढलेल्या विशेष आवृत्तीतलं एक जिनिव्हाच्या लिलावात १३ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं.

मी खूश. बघा, आत काही नवं नसतानाही! पण पुढे वाचलं आणि थोडी गप्प झाले. याच ड्युफूरने १९९६ मध्ये 'ड्युअ‍ॅलिटी' बनवलं होतं. एका मनगटी घड्याळात दोन बॅलन्स, आणि दोघांच्या चुकांची सरासरी काढणारा डिफरन्शियल. मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये असतो तो प्रकार! अशी त्याने फक्त नऊ बनवली. म्हणजे अवघड गणित सोडवता येणाऱ्या माणसाने जाणूनबुजून सोपं घड्याळ केलं होतं. त्याला माझ्या टीममध्ये ओढणं म्हणजे चीटिंगच की.

मग निव्वळ डिझाइनवाला कुणी आहे का? आहे ना. मलेशियातला मिंग थाईन, पेशाने फोटोग्राफर. २०१७ मध्ये त्याने मित्रांबरोबर 'मिंग' हा ब्रँड काढला. पहिल्या घड्याळाची किंमत ९०० स्विस फ्रँक. आत एका स्विस कंपनीचं तयार मशीन, जे इतरही कितीतरी ब्रँड वापरतात. यांचं काय? तर डायलवर उजेड कसा पडतो, आकडे कसे तरंगल्यासारखे दिसतात, पट्टा जोडायच्या कानांना बाक कसा आहे, हे सगळं. फोटोग्राफरच तो, उजेड कळणारच! २०१९ मध्ये त्यांच्या तांबड्या डायलच्या घड्याळाला जिनिव्हाच्या मानाच्या घड्याळ-पुरस्कारांमध्ये नवोदितांचं बक्षीस मिळालं. आणि मशीन आमचं आहे असं त्यांनी भासवलं नव्हतं. मला आवडलं ते हे.

इथपर्यंत स्कोअर बरोबरीत. मग रात्री एकच्या सुमारास मॅक्स ब्युसर भेटला आणि माझी झोप उडाली.

ब्युसरने २००५ मध्ये जिनिव्हात एमबी अँड एफ सुरू केली. त्यातला एफ म्हणजे फ्रेंड्स. याची काही घड्याळं अंतराळयानासारखी, काही बेडकासारखी. म्हणजे पक्का डिझाइनवाला! त्याला एक कॅलेंडर घड्याळ हवं होतं, ज्यात बॅलन्स व्हील सगळ्यांच्या वर, मधोमध, अधांतरी डोलताना दिसेल. प्रॉब्लेम असा, की लीप वर्षासकट सगळे महिने सांभाळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कॅलेंडरमध्ये एक लांब दांडी नेमकी मधल्या भागातून जाते. शिवाय ते कॅलेंडर प्रत्येक महिना ३१ दिवसांचा धरतं आणि जादा दिवस गाळतं. चुकीच्या वेळी बटण दाबलं की आतले दात मोडायची भीती.

स्टीफन मॅक्डॉनेल या नॉर्दर्न आयर्लंडच्या घड्याळकाराने सगळं उलटं केलं. महिना मुळात २८ दिवसांचा धरायचा आणि लागतील तेवढे दिवस वाढवायचे. दांडी गेली, मधली जागा मोकळी झाली, मोडतोडीचा धोकाही टळला. २०१५ साली ५८१ भागांचं ते घड्याळ बाजारात आलं. आणि ब्युसरने काय केलं? इंजिनियर म्हणून मॅक्डॉनेलचं नाव जाहीर सांगितलं. एमबी अँड एफ प्रत्येक घड्याळाबरोबर यादीच देते, कुठला भाग कुणी केला त्याची.

मी लॅपटॉप मिटणार होते, तेवढ्यात अ‍ॅप्रेझलचा फॉर्म दिसला. त्यात माझंच वाक्य होतं, 'लोडिंगची वाट न बघता लगेच भाडं दाखवणारी नवी बुकिंग स्क्रीन बनवली.'

बनवली? ते गोल गोल फिरणारं चक्र मला नको, एवढा हट्ट मी धरला होता. 'भाडं पहिल्या क्षणाला दिसलंच पाहिजे' म्हणून मी स्क्रीन आखली, सात वेळा बदलली. पण ते खरोखर लगेच दिसावं म्हणून कोल्हापूरकराने सर्व्हरवरची सगळी मांडणी उलटीपालटी केली होती. तीन आठवडे घरी उशिरा जाऊन. माझ्या हट्टाशिवाय त्याने ते केलं नसतं, आणि त्याने केलं नसतं तर माझा हट्ट म्हणजे नुसतं चित्र राहिलं असतं.

फ्रान्स्वा-पॉल जूर्न हा फ्रेंच घड्याळकार डायलवर लॅटिनमध्ये तीन शब्द लिहितो, 'इन्वेनिट एट फेसिट'. शोधलं आणि घडवलं. दोन वेगळी क्रियापदं आहेत ती! मी मात्र एकाच 'बनवली'मध्ये सगळं कोंबून मोकळी झाले होते.

मग फॉर्म बदलला. 'बनवली' खोडून 'आखली' लिहिलं. खाली आणखी एक ओळ टाकली, ती ज्याने चालवली त्याच्या नावासकट. खरं सांगते, सबमिटवर बोट पाच मिनिटं अडलं होतं. वरचं रेटिंग एकच, आणि मी माझ्याच हाताने दुसऱ्याची बाजू भक्कम करत होते. पण दाबलं एकदाचं.

सकाळी कँटीनमध्ये त्याला सांगितलं. तो चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "तू त्या चक्रासाठी डोकं खाल्लंस म्हणून केलं बघ ते. न्हाई तर कोण करतंय?" आणि बिल त्याने भरलं. हे मात्र ऐतिहासिक!

रेटिंग पुढच्या महिन्यात कळेल. बाबांचं घड्याळ काल मिळालं, तेल घालून. मिनिटभर पुढे जातंय, पण चालतंय.