रोज अडीचशे मीटर

वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी खुब्याचे हाड मोडले, तर उरलेले आयुष्य अंथरुणावरच जायचे, असा निर्णय आपल्याकडे बहुतेक घरांत न बोलताच झालेला असतो. शेजारीपाजारी हळहळून जातात, मुले रजेची जुळवाजुळव करू लागतात आणि ज्यांचे हाड मोडले त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही. अशा प्रसंगी मला इंग्लंडमधील कॅप्टन टॉम मूर हटकून आठवतात. शंभरी पार केल्यावर २ फेब्रुवारी २०२१ रोजी ते गेले. टाळेबंदीच्या काळात त्यांनी बागेत मारलेल्या फेऱ्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असतील. त्या फेऱ्यांमागचे दीर्घ आयुष्य तितकेसे परिचित नाही.

मूर यांचा जन्म ३० एप्रिल १९२० रोजी यॉर्कशायरमधील कीथली येथे झाला. स्थापत्य अभियांत्रिकीची उमेदवारी केलेल्या या तरुणाला १९४० मध्ये सैन्यात जावे लागले. महायुद्धाने त्यांना हिंदुस्थानात आणले, प्रथम मुंबईस आणि नंतर कलकत्त्यास. पावसाळ्यातील पुरांमुळे मुंबई ते कलकत्ता हा रस्त्याचा प्रवास तीन आठवडे चालला. मोटारसायकलींचा नाद लहानपणापासूनचा. तेव्हा सैनिकांना त्या चालवण्याचे शिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवर त्यांना डेंग्यूने गाठले. त्यातूनही ते उठले. युद्ध संपल्यावर पलटणीतील सोबत्यांचा वार्षिक मेळावा त्यांनी चौसष्ट वर्षे भरवला. म्हातारपणी एकटेपणा येऊ नये म्हणून काय करावे, असे मला अनेकजण विचारतात. मैत्री तरुणपणापासून अशी निगुतीने जपावी लागते, हे त्याचे एक उत्तर आहे.

सैन्यानंतरचे त्यांचे आयुष्य कारखानदारीत गेले. छपराचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीत विक्री व्यवस्थापक म्हणून काम केल्यावर ते काँक्रीटची उत्पादने बनवणाऱ्या एका कारखान्याचे व्यवस्थापक आणि पुढे व्यवस्थापकीय संचालक झाले. साठी उलटल्यावर, १९८३ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने व्यवस्थापकांनीच तो कारखाना विकत घेऊन चालवला.

घरातली त्यांची भूमिका मला याहून महत्त्वाची वाटते. पत्नी पामेला त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. पण स्मृतिभ्रंश त्यांना झाला आणि शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ आली. मूर त्यांना भेटायला रोज जात. २००६ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. म्हणजे ज्यांची काळजी घ्यायची त्या वयात हा गृहस्थ दुसऱ्याची काळजी घेत होता. त्यानंतर २००८ पासून ते धाकट्या मुलीच्या कुटुंबासोबत, नातवंडांच्या गलबल्यात राहू लागले.

२०१८ च्या अखेरीस ते घरातच पडले. खुबा मोडला, एक बरगडी मोडली आणि फुप्फुसालाही इजा झाली. अशा दुखापतीनंतर वृद्ध माणसाला खरा धोका असतो तो पडून राहण्याचा. अंथरुणावर स्नायू झपाट्याने झिजतात, पाठीला जखमा होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. म्हणूनच शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधाराने उभे करावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. ‘इतक्यात नको, दुखेल’ असे म्हणणाऱ्या प्रेमळ नातलगांनी हे लक्षात ठेवावे. वेदनेवर औषध देता येते. गेलेले बळ परत मिळवणे फार कठीण असते.

मूर वॉकर धरून पुन्हा चालू लागले. एप्रिल २०२० मध्ये, शंभरावा वाढदिवस काही आठवड्यांवर आला असताना, जावयाने गमतीने एका फेरीला एक पौंड देऊ केला. त्यांनी शंभर फेऱ्यांचा संकल्प सोडला. आपल्यावर उपचार करणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मदतीसाठी हजार पौंड जमावेत, एवढीच अपेक्षा होती. जमले सव्वातीन कोटी पौंडांहून अधिक. राणीने त्यांना ‘सर’ हा किताब दिला.

आकड्यांच्या या झगमगाटात एक लहानसा हिशेब झाकला जातो. एक फेरी पंचवीस मीटरची होती आणि दिवसाला दहा फेऱ्या ठरल्या होत्या, म्हणजे रोज अडीचशे मीटर. शंभर फेऱ्या मिळून अवघे अडीच किलोमीटर! जगाने ज्याचे कौतुक केले ते अंतर एवढेच होते. पण ते मोजलेले होते, रोजचे होते आणि दुसऱ्या कुणासाठी होते. आपल्या ज्येष्ठांना ‘जरा चालत जा’ असे मोघम सांगून काही साधत नाही. घरातील दहा मीटरच्या मोकळ्या वाटेवर पंचवीस वेळा चालले की तेच अडीचशे मीटर भरतात. आज पाचच वेळा जमत असेल तर पाचाने आरंभ करावा आणि दिनदर्शिकेवर रोज खूण करावी.

आरंभापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. वॉकरची उंची जुळवून घ्यावी: सरळ उभे राहून हात सैल सोडले असता मूठ मनगटाच्या पातळीवर यावी. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, हा क्रम ठेवावा. वॉकरच्या पायांची रबरी टोपणे झिजली असतील तर बदलावीत आणि वाटेतील सतरंज्या उचलाव्यात. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर तेथेच थांबावे. एकदा हाड मोडले की हाडांच्या ठिसूळपणावर औषध हवे का, हेही विचारून घ्यावे. आणि वॉकरची लाज बाळगू नये. मूर तो घेऊनच साऱ्या जगासमोर चालले.

अखेर त्यांना न्यूमोनियाने गाठले. त्यावरील उपचार चालू असल्याने कोरोनाची लस घेता आली नाही आणि नंतर कोरोनाचाही संसर्ग झाला. वृद्धांना न्यूमोनियात ताप येतोच असे नाही. अचानक असंबद्ध बोलणे, अन्न नाकारणे, श्वास जलद होणे ही लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे. फ्लू आणि न्यूमोकोकस यांच्या लसींविषयी प्रकृती ठीक असतानाच डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. त्यांच्या नावाने कुटुंबीयांनी काढलेल्या संस्थेच्या कारभारावर ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने २०२४ मध्ये कडक ताशेरे ओढले. फेऱ्यांतून आरोग्य सेवेसाठी जमलेला निधी त्याहून वेगळा होता. घरातील वृद्धाचे नाव मोठे असो वा लहान, त्यांच्या पश्चात ते सांभाळणे हाही शुश्रूषेचाच भाग मानावा.

आपल्या घरी वॉकर कोपऱ्यात उभा असेल, तर आज सायंकाळी घरातील एखाद्या नातवंडाला टेप घेऊन अंतर मोजायला सांगा. किती फेऱ्या मारायच्या, हे मात्र आजीआजोबांनाच ठरवू द्या.