चौदा एकरांचा धडा

शहरांतील सामुदायिक शेतीविषयी पुरोगामी चळवळीत दोन चुकीच्या समजुती रूढ आहेत. गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्या सुखवस्तूंचा तो विरंगुळा आहे, असे काही कार्यकर्ते मानतात. तर बियाणे, सेंद्रिय खत आणि सद्भावना एवढ्या भांडवलावर नगरे स्वावलंबी होतील, असा भाबडा विश्वास दुसरे बाळगतात. भूमीच्या मालकीचा प्रश्न मात्र दोघेही टाळतात. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील एका शेताचा इतिहास या दोघांनीही अभ्यासावा.

त्या शहराच्या दक्षिण-मध्य भागात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत, सुमारे १४ एकरांचा एक भूखंड आहे. १९८६ साली शहराच्या प्रशासनाने कचरा जाळण्याच्या प्रकल्पासाठी तो सक्तीने संपादन केला. श्रीमंतांच्या कचऱ्याचा धूर गरिबांच्या घरांवर सोडणारी ही योजना रहिवाशांनी संघटितपणे हाणून पाडली. १९९२ साली रॉडनी किंग प्रकरणातील पोलीस निर्दोष ठरताच साचलेल्या संतापाचा भडका उडाला. त्यानंतर हा भूखंड लागवडीस खुला झाला. मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या सुमारे ३५० कुटुंबांनी तेथे मका, घेवडा आणि मिरची पिकवली.

परंतु त्यांच्या हाती केवळ रद्द होऊ शकणारा परवाना होता. २००३ साली प्रशासनाने बंद दाराआड तडजोड करून पूर्वीच्या मालकाला तो भूखंड सुमारे ५० लाख डॉलरला परत विकला. तीनच वर्षांत मालकाने त्याची किंमत १ कोटी ६३ लाख डॉलर सांगितली. देणग्यांतून ती रक्कम उभी राहिल्याचे शेतकऱ्यांच्या समर्थकांनी जाहीर केले, तरी विक्री नाकारण्यात आली. १३ जून २००६ रोजी सशस्त्र बंदोबस्तात शेत रिकामे करण्यात आले आणि पुढे पिकांवर बुलडोझर फिरला.

तीन वर्षांत किंमत तिप्पट झाली, ती मालकाच्या कोणत्या श्रमाने? भूमीचे मूल्य समाज वाढवतो आणि खंड मात्र मालक खातो, हे हेन्री जॉर्जने १८७९ सालीच ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात मांडले होते. जे व्यवहार कायदेशीर असतात ते न्याय्यही असतात, हा प्रस्थापितांचा सिद्धान्त येथे उघडा पडतो.

शहरात आधी घरे हवीत, भाजीपाला नंतर, असा आक्षेप कामगार चळवळीतूनही येतो. आक्षेप प्रामाणिक आहे. पण शेत उखडल्यावर त्या भूखंडावर कामगारांची घरे उभी राहिली नाहीत. तो कित्येक वर्षे ओसाड पडून राहिला. घरे की वाफे हा वाद गरिबांमध्ये लावून देणारी मालकशाही दोन्हींच्या आड येते. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे याहून वेगळे काय झाले? १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी आणि तेवढीच सार्वजनिक घरांसाठी राखली होती. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता आकुंचित केला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. उद्यानेही गेली, घरेही गेली.

याउलट हवानाकडे पाहावे. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर इंधन व खते मिळेनाशी झाली, तेव्हा क्यूबाच्या शासनाने शहरांतील पडीक जमिनी लागवड करणाऱ्यांच्या वहिवाटीस दिल्या. त्या देशाला आजही बरेचसे अन्नधान्य आयात करावे लागते, हे लपविण्याचे कारण नाही. शहरी शेती धान्याचा प्रश्न सोडवीत नाही. ताजा भाजीपाला, रोजगार आणि सामूहिक कारभाराचे शिक्षण ती देऊ शकते. त्यासाठी जमिनीची शाश्वती मात्र अनिवार्य आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी वाफ्यांची थट्टाही करू नये आणि त्यांची पूजाही करू नये. सार्वजनिक जमीन विकण्यास बंदी, कसणाऱ्या समूहाला दीर्घ मुदतीचा हक्क आणि अशा प्रत्येक व्यवहाराची उघड चर्चा, या मागण्या प्रत्येक महानगरपालिकेच्या दारात नेल्या पाहिजेत. परवान्यावर उभे असलेले पीक कापणीपूर्वीच परक्याचे झालेले असते.