चार दिवसांचे पोप

पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ रोजी निवडून आले आणि तिसगावच्या आमच्या धर्मग्रामातही 'सुधारक की सनातनी' असा शिक्का मारण्याची घाई सुरू झाली. ही घाई आम्हांस मान्य नाही. शिक्के पोस्टात मारावेत! २८ ऑक्टोबर १९५८ रोजी ७६ वर्षांचे जॉन तेविसावे निवडले गेले, तेव्हा अनेक जाणत्यांनी त्यांना चार दिवसांचे पोप ठरविले होते. तीन महिने भरण्याआधीच या वृद्धाने विश्वपरिषद जाहीर केली. ती १९६२ साली भरली. तिची सांगता होण्यापूर्वी, १९६३ साली, ते प्रभूघरी गेले. वेदीवर लॅटिनच्या जागी मराठी आली ती याच परिषदेमुळे. त्यांना मते देणाऱ्या कार्डिनलांनाही जे दिसले नव्हते, ते लिओंच्या बाबतीत वृत्तपत्राच्या मथळ्यावरून आपणांस कसे दिसते?