चिठ्ठीत आलेली बाजू

शालेय वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणे मी बंद केले आहे. तिथे वक्तृत्व असते, आवेश असतो. वाद मात्र नसतो. चिठ्ठी उचलून बाजू ठरते, शिक्षकांनी लिहून दिलेले भाषण हातवाऱ्यांसह म्हटले जाते आणि घंटा वाजली की वक्ता खाली उतरतो. प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे कोणी ऐकलेलेच नसते, कारण ऐकण्याला गुण नसतात.

निबंधाची तऱ्हाही हीच. 'शाप की वरदान' या साच्यात आपण विज्ञान बसवले, दूरदर्शन बसवले, मोबाइल बसवला. शेवट ठरलेला : वापर तारतम्याने करावा. कोणाचेच नसलेले हे मत मुले पाठ करतात आणि आपण त्याला 'संतुलित विचार' म्हणून गुण देतो.

चालू घडामोडी वर्गात आणल्या की राजकारण शिरते, असा आक्षेप घेतला जातो. पण १९८९ पासून मताधिकार अठराव्या वर्षी मिळतो. दहावीतला विद्यार्थी दोन-तीन वर्षांत मतदार होणार आहे. राजकारण त्याच्या हातातल्या पडद्यावर रोज येतेच. येत नाही तो त्याविषयी जबाबदारीने बोलण्याचा सराव.

हा सराव पाठ्यपुस्तकात आणण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत व्यंगचित्रे आणि अडचणीचे प्रश्न आले. अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे, राज्यघटनेच्या संथ निर्मितीवरचे व्यंगचित्र होते. घटना तयार व्हायला इतका काळ का लागला, असा प्रश्न त्यासोबत विद्यार्थ्यांना विचारला होता. २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली.

त्या चित्रातले आंबेडकर आणि त्यांच्यामागे चाबूक घेतलेले नेहरू पाहून जे दुखावले, त्यांची वेदना खोटी होती असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट, तीच वेदना वर्गात मांडली जायला हवी होती. एकच चित्र दोन वाचकांना इतके वेगळे का दिसते, याहून चांगला पाठ कोणता? आपण चित्र काढून टाकले आणि पाठही गमावला. विलक्षण म्हणजे पुस्तकातल्या प्रश्नाचे उत्तरच 'चर्चा' हे होते. संविधान सभेने जवळजवळ तीन वर्षे घेतली, कारण तिथे माणसे एकमेकांना उत्तरे देत होती.

हे काम नागरिकशास्त्राच्या शिक्षकांवर ढकलून आपण भाषा-साहित्याचे शिक्षक मोकळे होऊ शकत नाही. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्या मतभेदाचे आपण 'आधी राजकीय की आधी सामाजिक' असे दोन गुणांचे टिपण करून टाकले आहे.

आठवड्यातला एक तास पुरे. एकाच बातमीवरचे दोन वृत्तपत्रांचे अग्रलेख शेजारी ठेवावेत. विरुद्ध बाजूचे म्हणणे तिलाच 'होय, हेच माझे म्हणणे' असे वाटेल इतक्या प्रामाणिकपणे आधी मांडावे, मगच खोडावे. आणि तासाच्या शेवटी ज्याचे मत बदलले, त्याला हरलेला समजू नये. चिठ्ठीत आलेली बाजू लढवणारे वकील आपल्याकडे पुष्कळ आहेत. स्वतःची बाजू शोधणारी मुले घडवायची असतील, तर आधी शिक्षकाने वर्गात मतभेद सोसायला शिकले पाहिजे.