यकृताची गाठ : शस्त्रक्रियेवाचूनचे उपचार

‘गाठ काढण्याजोगी नाही’ असे डॉक्टर सांगतात आणि घरची मंडळी ‘आता करण्याजोगे काही उरले नाही’ असे ऐकतात. यकृताच्या कर्करोगात या दोन वाक्यांमध्ये फार मोठे अंतर आहे. शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण पुष्कळदा गाठ नसते, तर भोवतालचे यकृत असते. सिरॉसिसने ते आधीच दुबळे झालेले असते. त्यातून मोठा तुकडा काढला, तर उरलेल्यावर शरीराचा व्यवहार चालत नाही. ज्या घरात मद्याचा थेंब शिरला नाही तेथे हा रोग कसा, असा व्याकूळ प्रश्न या वेळी हमखास निघतो. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, तसेच मधुमेह व स्थूलतेसोबत यकृतात साठणारी चरबी, ही त्याची नेहमीची कारणे होत. पेढीवर बसून आयुष्य गेलेल्यांनी शेवटचे कारण हसण्यावारी नेऊ नये.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येते, उरलेले धमनीतून. गाठ मात्र आपले पोषण जवळजवळ सर्वस्वी धमनीतूनच घेते. म्हणून तिला जाणारी धमनीची फांदी बंद केली, तरी निरोगी यकृत दुसऱ्या वाटेने जगते. ‘टेस’ या उपचाराचा सारा आधार हा आहे. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेतात, गाठीत कर्करोगाचे औषध सोडतात आणि मागून वाट बुजवतात. औषध ज्या आयोडीनयुक्त तेलात मिसळतात, ते खसखशीच्या तेलापासून बनते. वाट बुजवण्यासाठी काही वेळा प्राणिजन्य जिलेटिन वापरले जाते. ज्यांना ते खटकेल त्यांनी कृत्रिम कणांविषयी आधीच विचारावे. या उपचाराने आयुष्य वाढते, हे 2002 मध्ये बार्सिलोना व हाँगकाँग येथील चाचण्यांतून दिसून आले. नंतर काही दिवस ताप, पोटदुखी व मळमळ होते, आणि उपचार पुन्हा करावा लागू शकतो.

गाठ लहान, साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत असेल, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने सुई खुपसून रेडिओलहरींच्या अथवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने ती जाळता येते. येथे रोग समूळ जाण्याचीही आशा असते. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ मात्र पुरती जळत नाही, कारण वाहते रक्त उष्णता वाहून नेते. तिसरी वाट किरणोत्सारी इट्रियम-90 च्या सूक्ष्म कणांची. ते धमनीतूनच सोडतात. त्यांचे किरण ऊतींत काही मिलिमीटरच जातात आणि दर 64 तासांनी तीव्रता निम्मी होते. असे काचेचे कण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही विकसित केले आहेत.

कोणती वाट, हे गाठीइतकेच यकृताच्या बळावर ठरते. कावीळ वाढलेली असेल, पोटात पाणी भरलेले असेल, तर हेच उपचार यकृताला बुडवू शकतात. तेथे नकार देणारा डॉक्टर रुग्णाचे हितच पाहत असतो. कुटुंबाने एक प्रश्न स्पष्ट विचारावा : हा उपचार रोग घालवण्यासाठी आहे, प्रत्यारोपणापर्यंत गाठ आवरून धरण्यासाठी, की आयुष्याचे काही महिने वा वर्षे मिळवण्यासाठी? उत्तर रुग्णापासून लपवण्याची आपल्या घरांतील रीत मायेची असली, तरी निर्णय त्याच्या देहाविषयीचा असतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांपुढे बहुधा निघतच नाही. सिरॉसिसचे यकृत साखरेचा पुरेसा साठा करू शकत नाही. रात्रभर पोट रिकामे राहिले, की शरीर स्नायू झिजवू लागते. म्हणून अशा रुग्णांना झोपण्यापूर्वी थोडे खाण्यास सांगतात. चौविहार पाळणाऱ्याने हे मनात दाबून न ठेवता पहिल्याच भेटीत सांगावे, आणि पच्चक्खाणातील आगारांविषयी गुरुमहाराजांना विचारावे. सूर्यास्तापूर्वीचे भरपूर जेवण आणि नवकारशी होताच न्याहारी एवढ्याने भागेल की नाही, हे त्या रुग्णाच्या तपासण्या पाहूनच डॉक्टर सांगू शकतील.